रफार कापला जातो, तिथून सुरुवात करा

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत्यासाठी तुम्ही हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणारं वेबॲप करताय. बटणं, टॅब, तक्ते स्वतः काढत बसण्यापेक्षा एखादी तयार ओपन सोर्स डिझाइन सिस्टिम घेतलीत. इंग्रजीत सगळं झकास दिसतं. मग मालाच्या नावापुढे जी छोटी रंगीत पट्टी येते, जिला टॅग म्हणतात, तिच्यात ‘मार्केट यार्ड’ लिहिलंत आणि ‘र्के’वरचा रफार आणि मात्रा तासून काढल्यासारखी गायब झाली. पुढच्या टॅगमध्ये ‘कुपवाड’चा उकार खालून गेला. अशा वेळी बहुतेक जण आपल्या प्रोजेक्टात दोन ओळींचं सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड, टाकतात आणि पुढे जातात. त्याच दोन ओळी मूळ सिस्टिममध्ये कशा पोचवायच्या, ते सांगतो.

आधी डिझाइन सिस्टिम म्हणजे काय ते थोडक्यात. बटण, फॉर्मचा रकाना, चूक दाखवणारा संदेश, तारखेचा खाना असे भाग एकदाच नीट बनवून ठेवायचे आणि सगळ्या प्रोजेक्टांनी तेच वापरायचे. या भागांना कंपोनंट म्हणतात. रंग, अंतरं, अक्षरांचे आकार ही मापंसुद्धा नावं देऊन एकाच ठिकाणी ठेवलेली असतात, ती टोकन. आणि कुठला भाग कधी वापरायचा, कधी टाळायचा, याची लेखी समजूत सोबत असते. गूगलचं मटेरियल डिझाइन २०१४ मध्ये आलं, अमेरिकी सरकारची वेब डिझाइन सिस्टिम २०१५ मध्ये, ब्रिटिश सरकारची गव्ह डॉट यूके डिझाइन सिस्टिम २०१८ मध्ये. आयबीएमची कार्बन हीसुद्धा याच पंगतीतली. यांचा कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या सार्वजनिक साइटवर, उघडा आहे, कोणीही वाचू शकतं आणि बदल सुचवू शकतं.

सुचवलेला बदल घेतला जाणं मात्र वेगळी गोष्ट. कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्यांना याचं कारण लगेच कळेल. एकाच ड्रॉइंगवरून निघालेला बुश दहा कारखान्यांच्या मशिनांत बसत असेल, तर एका गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी ड्रॉइंगवरचं माप हलवता येत नाही. हलवलंच, तर रिव्हिजन नंबर वाढतो आणि दहाही जणांना कळवावं लागतं. डिझाइन सिस्टिममधला टॅग तुमच्या अडत्याच्या ॲपमध्ये आहे, तसाच तो कुठल्या तरी बँकेच्या, इस्पितळाच्या, नगरपालिकेच्या साइटवरही आहे. तुमचा बदल त्या सगळीकडे जाणार. म्हणून सांभाळणारी मंडळी, ज्यांना मेंटेनर म्हणतात, पहिल्यांदा बघतात ते या बदलाने आणखी कोणाचं काय मोडेल हे. कोड किती सुबक आहे ते त्यानंतर.

रिव्हिजन नंबरची जागा इथे आवृत्तीच्या तीन आकड्यांनी घेतली आहे. ५.४.२ यातला शेवटचा आकडा वाढला तर दुरुस्ती, मधला वाढला तर जुनं न मोडता आलेली भर, आणि पहिला वाढला तर जुनं वापरणाऱ्यांना काम लागणार. सीएसएस ज्यावरून भाग ओळखतं त्या क्लासचं नाव बदलणं हे पहिल्या आकड्याचं काम आहे, दिसायला ते कितीही किरकोळ असो. गव्ह डॉट यूकेच्या बाबतीत तर आणखी एक मेख आहे. काही प्रोजेक्ट नंजक्स नावाच्या टेम्प्लेटमधून कंपोनंट घेतात. त्यांना आतलं एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा, बदललं तरी नव्या आवृत्तीसोबत ते आपोआप मिळतं. पण बाकीचे एचटीएमएल हाताने उचलून आपल्या पानात चिकटवतात. एचटीएमएलमध्ये एक साधा डिव्ह, म्हणजे नुसता डबा, वाढवलात, तरी या लोकांना प्रत्येक पान उघडून तो घालत बसावं लागतं. निव्वळ सीएसएसने भागत असेल तर मेंटेनर एचटीएमएलला हात का लावू देत नाहीत, ते यावरून कळेल.

म्हणूनच पहिल्या फटक्यात नवा कंपोनंट घेऊन जाऊ नये असं मला वाटतं. कॉलेजातल्या मुलांना नेमकं तेच करायचं असतं: कॅरोसेल, ॲनिमेशनवाला मेन्यू, काहीतरी डोळ्यांत भरणारं. गव्ह डॉट यूकेच्या नियमांत नव्या प्रस्तावाला दोन कसोट्या आहेत, तो उपयोगी हवा आणि आधीपासून असलेल्याची नक्कल नको. प्रसिद्ध होण्याआधी आणखी तीन: वापरायला सोपा, बाकीच्यांशी सुसंगत आणि वेगवेगळ्या ठिकाणी चालणारा. खऱ्या वापरकर्त्यांसोबत केलेल्या चाचण्यांचा पुरावा त्यासाठी लागतो. विश्रामबागेतल्या खोलीत एकट्याने बसून तो गोळा होत नाही.

तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही

लंडन किंवा ऑस्टिनमध्ये बसलेल्या माणसाने टॅग बनवताना ‘न्यू’ आणि ‘ड्राफ्ट’ लिहून पाहिलं. देवनागरी त्याच्या डोळ्यांपुढे कधी आलीच नाही. तुमच्या स्क्रीनवर ती रोज आहे. पहिली भर इथून घालावी, कारण ही चूक शोधायला तुम्हाला कष्ट नाहीत आणि तिचा पुरावा तुमच्या हातात आहे.

रफार का कापला जातो? सिस्टिमने निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसली की ब्राउझर दुसरा फॉन्ट शोधतो. विंडोजवर सहसा निर्मला यूआय मिळतो, अँड्रॉइडवर नोटो. या फॉन्टांची अक्षरं रोमनपेक्षा वर आणि खाली जास्त जागा घेतात, कारण वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. ओळीची उंची ब्राउझरवर सोडली असती तर ती वाढली असती. पण सिस्टिमने लाइन-हाइट आकड्यात बांधून टाकलेली असते. तरीही अक्षर नुसतं डब्याबाहेर डोकावलं असतं, कापलं गेलं नसतं. कापतो तो ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे डब्याबाहेरचं लपवणारा सीएसएसचा नियम. लांब मजकूर एका ओळीत बसवून शेवटी तीन टिंबं दाखवायची तर तो लागतोच. थोडक्यात, जिथे तीन टिंबं आहेत तिथे देवनागरी तपासून बघा. टॅब, तक्त्यातले खाने, ड्रॉपडाउनची निवड, सगळीकडे हीच शक्यता.

आणखी काही जागा सांगतो. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असेल तर शिरोरेघ तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची माळ होऊन जातो. टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म अपरकेस आपल्याकडे काहीच करत नाही. जिथे फक्त कॅपिटल अक्षरांनी शीर्षक उठून दिसत होतं, तिथे मराठीत ते आजूबाजूच्या मजकुरात विरघळतं. कंपोनंट भाषा सांगणारा लँग हा ॲट्रिब्यूट पुढे पोचवतो का तेही पाहावं. ‘एमआर’ असं सांगितलं तर मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो, आणि काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे येत नाहीत. नावाचा रकाना तपासताना ‘फक्त अक्षरं’ असा नियम लावला असेल तर तो बऱ्याचदा युनिकोडच्या लेटर गटावर चालतो. काना, वेलांटी, मात्रा त्या गटात नाहीत, त्यांचा गट मार्क नावाचा वेगळा. असा नियम ‘कमल’ला आत घेतो आणि ‘सीता’ला दारातून परत पाठवतो.

अक्षरं मोजणाऱ्या कंपोनंटची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि कोडआधी चर्चा का लागते हे तिच्यातून चांगलं समजतं. ‘सांगली’ शब्दात डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. जावास्क्रिप्टला लेंग्थ विचारली तर उत्तर ६: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. ‘क्षेत्र’ दोन अक्षरांचा, पण मोजणीत ७. म्हणजे २०० अक्षरांची मर्यादा मराठी माणसाला कितीतरी लवकर संपल्यासारखी वाटते. उपाय सोपा दिसतो. ब्राउझरमधलं इंट्ल डॉट सेगमेंटर वापरायचं, ते दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे तुकडे पाडतं. युनिकोडच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियमही आला आहे. त्याआधीच्या नियमाने ‘क्षे’चे दोन तुकडे व्हायचे. मग लावा की सेगमेंटर! पण थांबा. ती २०० ची मर्यादा आली कुठून? मागे डेटाबेसचा रकाना असेल तर तो काना-मात्रा मोजणार. संदेश एसएमएसने जाणार असेल तर मराठीत एका एसएमएसमध्ये ७० च बसतात, आणि तीही मोजणी काना-मात्रांसकट. स्क्रीनवरचा आकडा ‘अजून ४० शिल्लक’ म्हणेल आणि सर्व्हर अर्ज नाकारेल. तेव्हा हा बदल सरसकट करून चालणार नाही. फार तर एक पर्याय म्हणून ठेवता येईल, आणि तो कोणी, कधी वापरायचा हे लिहावं लागेल. हे ठरवणं एकट्याचं काम नाही. आधी इश्यू, म्हणजे गिटहबवरची तक्रारीची नोंद, उघडायचा, बोलायचं, मग कोड.

टॅगचं काम त्या मानाने सरळ आहे. तेच शेवटपर्यंत नेऊ.

इश्यू

रेपॉझिटरीत, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडच्या कोठारात, काँट्रिब्युटिंग नावाची फाइल असते. ती खरंच वाचा. कुठल्या बदलांना नाही म्हटलं जातं, इश्यू कुठल्या साच्यात लिहायचा, कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, संदेश कसा हवा, सगळं तिथे असतं. लायसन्सही बघून ठेवा. गव्ह डॉट यूकेचा फ्रंटएंड एमआयटी लायसन्सखाली आहे, कार्बन अपाची २.० खाली. पण ‘कोड उघडा’ म्हणजे सगळंच उघडं असं नसतं: गव्ह डॉट यूकेचा जीडीएस ट्रान्सपोर्ट हा फॉन्ट त्यांच्या सरकारी सेवांपुरताच आहे. अडत्याच्या ॲपमध्ये तो आणू नका.

मग जुने इश्यू शोधा. ‘देवनागरी’ शोधून काही मिळालं नाही म्हणून थांबू नका. थाई, व्हिएतनामी, बर्मी शोधा. त्यांच्या लिखाणातही वर-खाली खुणा लागतात, आणि तीच तक्रार कोणीतरी दोन वर्षांपूर्वी करून ठेवलेली असू शकते. सापडली तर नवा इश्यू नको, तिथेच आपलं उदाहरण जोडा. दोन लिपींचा पुरावा एकापेक्षा वजनदार ठरतो.

इश्यू लिहिताना लक्षात ठेवा, समोरच्याला देवनागरी वाचता येत नाही. रफार गेला आहे हे त्याला स्क्रीनशॉट बघूनही कळणार नाही. म्हणून शेजारी शेजारी दोन चित्रं द्या: साध्या परिच्छेदात दिसणारा ‘मार्केट यार्ड’ आणि टॅगमधला. काय गायब आहे तिथे बाण काढा. मजकूर चित्रात तर द्याच, शिवाय कॉपी करता येईल असाही द्या, कारण त्याला तो टाइप करता येणार नाही. सिस्टिमची आवृत्ती, ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम लिहा. प्रत्यक्षात कुठला फॉन्ट लागला तेही लिहा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये कम्प्युटेड टॅबच्या तळाशी ते दिसतं. आणि कोडपेनसारख्या, ब्राउझरमध्येच कोड चालवून दाखवणाऱ्या ठिकाणी तुमच्या ॲपचा काहीही संबंध नसलेलं, फक्त टॅग दाखवणारं दहा ओळींचं उदाहरण ठेवा. इंग्रजी साधं असलं तरी भागतं. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक मुद्दा. कोणी व्याकरणाचे गुण देत नाही.

शेवटी ‘मी हे दुरुस्त करू शकतो, चालेल का?’ असं विचारा आणि थांबा. लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच आणि उन्हाळ्यात दीड वाजलेला असतो. आठवडाभर उत्तर आलं नाही तरी तो अपमान नव्हे.

कोड

होकार आला की रेपॉझिटरीचा फोर्क घ्यायचा, म्हणजे आपल्या खात्यावर तिची प्रत. ती मशीनवर क्लोन करायची. नोडची, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाची, कुठली आवृत्ती हवी ते प्रोजेक्टात लिहिलेलं असतं, तीच घ्या. निम्म्या नवशिक्यांचा पहिला दिवस इथेच वाया जातो. लागणारी पॅकेजं उतरवणारं एनपीएम इन्स्टॉल किंवा यार्न मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवू नका, दिवसाचा डेटा एका बैठकीत संपू शकतो. काहीही बदलण्याआधी टेस्ट एकदा चालवून बघा. न बदलताच काही लाल दिसलं, तर तो दोष तुमच्या बदलाचा नाही हे आधीच कळलेलं बरं. मग स्वतंत्र ब्रांच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, काढायची. मेन ब्रांचवर काम करू नये.

बदल सोर्स फाइलमध्ये करायचा. डिस्ट नावाच्या फोल्डरमधल्या तयार सीएसएसला हात लावला तर पुढच्या बिल्डमध्ये तो पुसला जाईल.

आता हिशेब बघा. आपल्या कल्पनेतल्या टॅगमध्ये बाहेरच्या डब्याला वर-खाली ६-६ पिक्सेल पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, आहे, आणि आतल्या मजकुराच्या स्पॅनला लाइन-हाइट १४ पिक्सेल आणि ओव्हरफ्लो हिडन. एकूण उंची २६. सरळ लाइन-हाइट २० केलीत तर रफार दिसेल, पण टॅग ३२ पिक्सेलचा होईल. मग जगभरातल्या तक्त्यांच्या ओळी सहा पिक्सेलनी फुगतील आणि मेंटेनर नम्रपणे नाही म्हणतील. त्याऐवजी लाइन-हाइट २० आणि पॅडिंग ३-३ करा. पुन्हा २६. इंग्रजी टॅग होता तिथेच, होता तेवढाच राहतो आणि मराठी अक्षराला श्वास घ्यायला जागा मिळते. २० आणि ३ हे आकडे उघडे लिहू नका; त्या मापांची टोकन असतील तर तीच वापरा. ३ चं टोकनच नसलं तर नवं बनवण्याआधी विचारा. टोकन वाढवणं हा धोरणाचा विषय असतो, लोक त्याबद्दल हळवे असतात.

बदलाइतकीच मोलाची आहे ती टेस्ट. बऱ्याच सिस्टिम स्टोरीबुक नावाच्या साधनात कंपोनंटची उदाहरणं मांडतात आणि प्रत्येक बदलानंतर त्यांचे फोटो काढून जुन्या फोटोंशी पिक्सेलगणिक ताडून बघतात. तिथे ‘मार्केट यार्ड’ आणि ‘कुपवाड’ असे दोन टॅग असलेलं एक उदाहरण घाला. पुढे कोणी लाइन-हाइट पुन्हा आवळली तर फोटो जुळणार नाही आणि बदल अडेल. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग हाच.

झूम २०० टक्के करून बघा. कीबोर्डने फिरून बघा, फोकसची चौकट कापली जात नाही ना. रंग बदललेत तर मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, हा सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांचा आकडा आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विंडोजवर फुकट मिळतो. निदान एकदा लावून ऐका.

पुल रिक्वेस्ट

पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती. तिच्यातला कमिट छोटा ठेवा. जाता जाता दिसलेली दुसरी चूक, बिघडलेलं इंडेंटेशन, शुद्धलेखन, यातलं काहीही त्यात मिसळू नका. कमिटमधला ईमेल पत्ता कायमचा सार्वजनिक होतो. नको असेल तर गिटहब देतो तो नो-रिप्लाय पत्ता आधीच लावून घ्या. काही प्रोजेक्ट चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, ओळ मागतात. कार्बनसारखे काही जण डीसीओवर सही मागतात: हा कोड माझा आहे आणि तो देण्याचा हक्क मला आहे, असं एक छोटं प्रतिज्ञापत्र. नोकरीत असाल आणि कंपनीच्या वेळेत लिहिलं असेल तर सही करण्याआधी कंपनीला विचारा.

वर्णनात इश्यूचा दुवा, आधीचं आणि नंतरचं चित्र, आणि उंची २६ च राहते हा हिशेब द्या. कुठल्या एआय साधनाने लिहून घेतलं असेल तर तसं सांगा, आणि प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नसेल तर पाठवू नका. मेंटेनर सावध का असतात याला इतिहास आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरातल्या मोहिमेत, टी-शर्ट मिळवण्यासाठी लोकांनी ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढं शीर्षक जोडणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला. ऑक्टोबर सुरू होऊन तीन दिवस होतात न होतात तोच आयोजकांना नियम बदलावा लागला आणि ज्यांनी स्वतःहून नाव दिलं तेच प्रोजेक्ट मोहिमेत राहिले.

पाठवल्यावर यंत्रं आधी तपासतात, मग माणसं. ‘बदल हवेत’ असा शेरा येईलच. तो कोडवर आहे. एखादा मुद्दा पटला नाही तर कारण देऊन सांगा; देवनागरीबद्दल तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, तिथे गप्प बसू नका. ‘आमचे वापरकर्ते तर इंग्रजीच’ असं कोणी म्हटलंच, तर गव्ह डॉट यूकेने वेल्शसाठी काय केलं ते दाखवा. वेल्शमध्ये संख्येप्रमाणे शब्दाची सहा रूपं होऊ शकतात. त्यासाठी त्यांनी अक्षरं मोजणाऱ्या कंपोनंटमध्ये प्रत्येक रूपाचा मजकूर बाहेरून देण्याची सोय केली. ती सोय झाल्यावर तिचा फायदा कुठल्याही भाषेला घेता येतो.

कधी कधी बदल बंद करून टाकतात. तरी इश्यू, चित्रं आणि कोडपेनचं उदाहरण तिथेच राहतं, शोधणाऱ्याला सापडतं.

बदल मर्ज झाला, मूळ कोडात मिसळला, म्हणजे लगेच लोकांच्या हाती पडला असं नाही. तो पुढच्या आवृत्तीत बाहेर पडेल, तेव्हा चेंजलॉगमध्ये बघा आणि अडत्याच्या ॲपमध्ये ती आवृत्ती चढवा. त्याच दिवशी आधी टाकलेल्या आपल्या दोन ओळी काढून टाका. त्या तशाच राहिल्या तर सिस्टिमच्या मापांवर त्याच चढून बसतील, आणि पुढे मूळ टॅग सुधारला तरी यार्डातल्या स्क्रीनवर जुनाच दिसत राहील.